तीन वाजताची डुलकी आणि पहाटेचं पाणी

भोसरीतल्या एका कारखान्यात मी आठवड्यातून दोन दुपारी डॉक्टर म्हणून बसते. २०२४ च्या एप्रिलमध्ये क्वालिटीच्या साहेबांनी माझ्या टेबलावर एक जॉब, म्हणजे मशिनवर तयार झालेला सुटा भाग, आणून ठेवला. ॲल्युमिनियमचा, लिंबाएवढा. मधून आरपार एक मोठं भोक, आणि त्याला आडवं येऊन मिळणारं दुसरं बारीक भोक. दोन्ही भोकं जिथे मिळतात तिथे ड्रिल बाहेर पडताना धातूची पातळ कड उरते. शॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात. साहेबांनी टॉर्च सरळ धरला तेव्हा मला काहीच दिसलं नाही. मग त्यांनी तो तिरपा केला, जॉब बोटांत जरासा फिरवला, आणि आत कापलेल्या नखाच्या टोकाएवढं काहीतरी चमकलं.

"हे सुटून तेलात गेलं की व्हॉल्व्ह अडकतो," ते म्हणाले. "असे तेवीस पीस कस्टमरकडे गेले. सगळ्या बॉक्सवर एकाच बाईंचा शिक्का आहे. त्यांचे डोळे तपासा."

त्या बाईंना सगळे ताईच म्हणतात, मीही म्हणते. वय ४१, फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर अकरा वर्षं. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डोळ्यांत दोष निघाला नाही. चष्मा वर्षापूर्वीच बदललेला, नंबर बरोबर. तपासणी संपल्यावर ताई खुर्चीवरून उठल्या नाहीत. खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू का? अडीचनंतर मला जॉब दोन-दोन दिसतात. पापण्या उचलत नाहीत. तोंडावर पाणी मारते, चहा घेते, दहा मिनिटांत पुन्हा तेच. घरी नका हो सांगू कुणाला."

घरी नका सांगू, हे वाक्य मला लागलं. दिवसा डोळा लागणं ही बाईच्या बाबतीत अजूनही लाज वाटण्याची गोष्ट आहे.

तक्रारीचा कागद मी मागून घेतला. कस्टमरला उत्तर देताना 'का? का? का?' असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं असतं. इथे पाचव्या 'का'चं उत्तर होतं: निरीक्षकाचं दुर्लक्ष. उपाय: समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिलं. अकरा वर्षं तेच काम करणाऱ्या बाईला प्रशिक्षण! अशा कागदांचा मला राग येतो, कारण जिथून चौकशी सुरू व्हायला हवी तिथेच ती संपवलेली असते.

बॉक्सच्या चिठ्ठ्या

प्रत्येक बॉक्सवर पॅकिंगची चिठ्ठी असते, तिच्यावर तारीख आणि वेळ. सदोष पीस नऊ बॉक्समधले होते. त्यांपैकी आठ बॉक्स दुपारी दोन ते चारच्या दरम्यान भरलेले. एवढं अपेक्षितच होतं. पण तारखा कॅलेंडरवर मांडल्या तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. सगळ्या तारखा दोनच आठवड्यांत एकवटल्या होत्या आणि मधले दोन आठवडे स्वच्छ होते. मी ताईंना कॅलेंडर दाखवलं आणि विचारलं, या आठवड्यांत घरी काय होतं? त्यांनी क्षणभर बघितलं.

"ह्यांची सेकंड होती."

त्यांचे यजमान दुसऱ्या एका कंपनीत ऑपरेटर आहेत, शिफ्ट फिरती. सेकंड शिफ्ट साडेतीन ते बारा. माणूस घरी पोचायला साडेबारा-पाऊण. ताई तोवर जाग्या राहायच्या, भाकरी गरम करून वाढायच्या, सोबत म्हणून अर्धा कप चहा स्वतःही घ्यायच्या, भांडी आवरून सव्वाला पाठ टेकायच्या. आणि उठायच्या पहाटे पाचला, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी एक दिवसाआड येतं आणि त्यांच्या भागात ते पहाटे येतं. पाण्याचा दिवस नसेल तरी पाचला जाग येतेच, म्हणाल्या, सवय झाली. म्हणजे त्या आठवड्यांत पावणेचार तास झोप. इतर आठवड्यांत जेमतेम सहा.

"झोप लागते का नीट?"

"पडलं की लागते मॅडम, मिनिटभर नाही लागत."

आपल्याकडे हे कौतुकानं सांगतात. मी मात्र हे उत्तर ऐकलं की पेन हातात घेते. ज्याची झोप पुरी होते त्याला अंथरुणावर डोळा लागायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. उशीला डोकं टेकताक्षणी जो जातो, त्याच्यावर झोपेची उधारी साठलेली असते.

झोपाळूपणा मोजायला मी एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची चाचणी वापरते. ती मेलबर्नमध्ये १९९१ साली तयार झाली. चोवीसपैकी गुण, दहाच्या वर गेले की लक्ष द्यायचं. त्यात मोटारीत बसलेलं असताना डुलकी येते का, असं विचारलेलं आहे. ताई मोटारीत बसतच नाहीत, म्हणून मी पीएमपीची बस धरली. "बसमध्ये तर उभ्यानं लागते," त्या म्हणाल्या. गुण आले १५. घोरणं, झोपेत श्वास अडकणं याची चौकशी केली, तसं काही नव्हतं.

दुपारी नेमकं काय होतं

दुपारची गुंगी म्हणजे भात जास्त झाला, असं घरोघरी म्हटलं जातं. जड जेवणाने ती वाढते हे खरं, पण ती जेवणावरच अवलंबून नाही. न जेवलेल्या माणसालाही दोन ते चारच्या दरम्यान ओहोटी लागते. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये झोपेचं गणित दोन प्रवाहांत मांडलं आणि ते आजही वापरलं जातं. एक प्रवाह जागरणाचा: जागं राहू तसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. दुसरा शरीरातल्या घड्याळाचा, जो दिवसा आपल्याला जागं धरून ठेवतो. सकाळी साठा कमी असतो. संध्याकाळकडे घड्याळाचा जोर वाढतो. मधल्या दुपारी साठा बऱ्यापैकी झालेला असतो आणि घड्याळ अजून जोरात आलेलं नसतं. या खाचेत सगळेच सापडतात. रात्री साडेसात तास झोपलेला माणूस एखादी जांभई देऊन पुढे जातो. पावणेचार तास झोपलेली बाई तिथे कोसळते.

चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवतं. साठा तसाच राहतो, फक्त त्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. कॅफिनचा असर ओसरला की थांबलेले सगळे निरोप एकदम पोचतात. शिवाय शरीरातलं कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. निजण्याच्या सहा तास आधी भरपूर कॅफिन दिलं तर झोप एका तासाहून जास्त घटते, हे २०१३ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात मोजलं गेलं आहे. ताई तर चहा पिऊन तासाभरात आडव्या होत होत्या. झोप लागायची, पण पातळ.

दिवसाचे चहा आम्ही मिळून मोजले. पहाटे एक, कामावर येताना एक, दहाचा, जेवणानंतरचा, पावणेतीनचा गाडीवरचा, त्यातून पुन्हा अर्धा, घरी गेल्यावर एक, रात्रीचा अर्धा. सातएक कप. कॅन्टीनचे कप लहान. एकूण कॅफिन दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असेल. निरोगी प्रौढाला दिवसाला चारशेपर्यंत चालतं असं मानतात, म्हणजे प्रमाण मुळीच भयंकर नव्हतं. वेळा चुकत होत्या. रात्रीचा अर्धा कप झोप खात होता. जेवणानंतरचा कप काय खात होता ते रक्त आल्यावर कळलं.

रक्त

हिमोग्लोबिन ९.६. बाईचं १२ च्या वर हवं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ७. पंधराच्या खाली गेला की कोठार रिकामं समजतात. थायरॉइड, साखर, बी-१२ ठीक. "अंगावरून किती जातं?" विचारल्यावर त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "जातं की. तीन दिवस तर दर दोन तासांनी बदलावं लागतं. सगळ्यांनाच जातं ना?"

नाही, सगळ्यांना एवढं जात नाही. पण त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त बायका दमलेल्या असतील तर दमणं हेच नेहमीचं वाटू लागतं, आणि मग दुपारी डोळे मिटले की बाई स्वतःलाच आळशी म्हणते.

चहातले तुरट घटक जेवणातलं लोह आतड्यात बांधून टाकतात. मेथीची भाजी, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, यांतलं लोह आधीच जेमतेम शोषलं जातं. त्यावर लगेच चहा घेतला तर त्यातलं बरंचसं वाया जातं. ताई कॅन्टीनच्या ताटावरून उठून थेट चहाच्या टाकीकडे जायच्या, दुपारी झोप येऊ नये म्हणून. इतकी वर्षं ज्या कपाने त्या दुपार ढकलत होत्या, तोच कप दुपार अवघड करत होता. हे सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मग आधी कुणी का नाही सांगितलं?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. दरवर्षी कारखान्यात आरोग्य तपासणी होते, हिमोग्लोबिनचा आकडा फाइलला लागतो.

तिसऱ्या भेटीत आणखी एक गोष्ट निघाली. दुपारी तीनच्या सुमारास ताई बाथरूमला जाऊन मिश्री लावायच्या. "जरा डोळे उघडतात." भाजलेल्या तंबाखूची ही पूड लाखो बायका दात घासण्याच्या नावाखाली हिरड्यांना लावतात, आणि तिला व्यसन म्हणत नाहीत. निकोटीनने डोळे उघडतात हे खरंच. तासाभराने ते पुन्हा मागितलं जातं हेही खरं. तोंड तपासलं, डाग किंवा जखम नव्हती. मी ओरडले नाही. ओरडलं की पुढच्या वेळी बाई सांगत नाही.

माझी एक चूक

पहिल्या भेटीतच मी त्यांना दुपारनंतरचा चहा एकदम बंद करायला सांगितलं होतं. त्या शब्दाला पक्क्या. त्यांनी दुपारचाच काय, सगळाच चहा सोडला. दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेल्या. कॅफिन अचानक तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते आणि कधी कधी आठवडाभर रेंगाळते. हे मला ठाऊक होतं. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चुकले मी. त्यांची अर्ध्या दिवसाची रजा माझ्यामुळे गेली.

मग सावकाश घेतलं. दर चार दिवसांनी एक कप कमी. आधी रात्रीचा, मग पावणेतीननंतरचा अर्धा, मग पावणेतीनचा. जेवणानंतरचा कप काढला. त्याऐवजी दहाचा चहा तसाच ठेवला आणि त्याबरोबर घरून आणलेली एक पोळी-भाजी खायची असं ठरलं, कारण पहाटे पाच ते साडेबारा त्या दोन बिस्किटांवर असायच्या आणि मग जेवणावर तुटून पडायच्या. महिन्याभरात दिवसाचे तीन कप राहिले, तिन्ही दुपारी बाराच्या आतले. चहा पूर्ण सोडावा असं मला कधीच वाटलं नाही. सकाळचा चहा हे सुख आहे, ते औषध म्हणून वापरायची वेळ येऊ नये एवढंच.

लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड दिल्या. रोज घेतलं की शरीर दुसऱ्या दिवशी दार अर्धवट लावून घेतं, अंतर ठेवलं तर जास्त शोषलं जातं, हे झुरिकमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. ताईंना हे लक्षात ठेवायला सोपं गेलं: पाण्याच्या दिवशी गोळी. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ निघाली, रक्तस्रावावर औषध सुरू झालं.

टाकी

खरी अडचण झोपेची होती. मी म्हटलं, रात्री अकराला झोपा, ताट झाकून ठेवा. ताई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी काहीतरी अभद्र बोलले. "तो माणूस आठ तास मशिनवर उभा राहून येतो. त्याला थंड अन्न वाढायचं?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या घरात ते अन्न गरम असणं म्हणजे माया आहे. मी यजमानांना भेटायला बोलावलं. ते त्यांच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, सुट्टी झाल्यावर, हातात हेल्मेट घेऊन आले. त्यांना फक्त रक्ताचा रिपोर्ट दाखवला आणि कॅलेंडर दाखवलं. बराच वेळ ते कॅलेंडर बघत होते. म्हणाले, "मला वाटायचं ही टीव्ही बघत जागी असते."

पुढचं त्यांनीच ठरवलं. सेकंड शिफ्टला ते कंपनीतच रात्रीचं जेवून येतात, घरी आल्यावर दूध पितात आणि स्वतःचं अंथरूण स्वतः घालतात.

पाण्याचं मात्र त्यांनाही सुचत नव्हतं. ते शेजारच्यांनी सोडवलं. पाचशे लिटरची टाकी, तिला बॉल कॉक. रात्री नळ उघडा ठेवून झोपायचं, पाणी आलं की टाकी आपोआप भरते, भरली की बॉल वर उचलला जाऊन पाणी थांबतं. प्यायचं पाणी सहाला उठून टाकीतून गाळून घ्यायचं. आजवर मी दुपारच्या थकव्यावर किती जणांना किती सल्ले दिले असतील, पण एवढा नेमका उपाय मला सुचला नव्हता. पहिल्या आठवड्यात ताई तरीही पाचला उठून टाकीत हात घालून बघायच्या. मग हळूहळू सहा झाले. जूनच्या शेवटी त्यांची झोप सात तासांवर आली.

शॉपमध्ये

घरचं झालं. पण दुपारची खाच कुणाचीच बुजत नाही, तेव्हा कामाची मांडणी बदलायला हवी होती. इथे मला जास्त जोर लावावा लागला.

ताईंचं टेबल पत्र्याच्या शेडच्या आतल्या भिंतीला. एप्रिलमध्ये तीन वाजता तिथे ३७ अंश. उजेड मोजणारा लक्स मीटर मागवला, टेबलावर २८० लक्स भरले. दाराबाहेर, झाडाच्या सावलीत, त्याच मीटरने सहा हजारांच्या वर दाखवलं. बारीक दोष शोधायचं काम आणि उजेड जिन्यावरचा! प्रकाश नुसता जॉब दाखवत नाही, तो डोळ्यांवाटे शरीराच्या घड्याळालाही जागं ठेवतो. टेबल खिडकीशी नेलं, वर दोन दिवे बसवले. आता ९०० च्या पुढे भरतात.

पाण्याची बाटली टेबलाजवळ होती, पण सकाळी भरलेली दुपारी तशीच. कारण विचारलं तर म्हणाल्या, पाणी प्यायलं की जावं लागतं, बाथरूम शेडच्या दुसऱ्या टोकाला, आणि टेबल सोडायला लाइन लीडरला विचारावं लागतं, तो पोरगा सगळ्यांसमोर "परत?" म्हणतो. ४१ वर्षांच्या बाईने दिवसभर तहान दाबायची आणि त्यातून येणारं जडपण चहाने उतरवायचं. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १९ मध्ये स्वच्छतागृह कामगाराला कारखान्यात असताना सर्व वेळी जाता येईल असं हवं, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ते कलम मी मॅनेजर साहेबांपुढे ठेवलं. विचारण्याची पद्धत बंद झाली. टेबलावर 'रिलीव्हर', म्हणजे बदली, म्हणून एक मुलगी मिळाली.

तिच्यामुळे पुढचंही जमलं. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा का निसटतात, याचा शोध नॉर्मन मॅकवर्थने घेतला. १९४८ मध्ये त्याने दाखवून दिलं की पहिल्या अर्ध्या तासातच नजर मंदावते, माणूस कितीही तयारीचा असो. ताई सलग दोन-दोन तास भोकांत बघत होत्या. आता दर अर्ध्या तासाला अदलाबदल होते: एकीने टॉर्चने बघायचं, दुसरीने माप तपासायचा गेज लावायचा. आणि दोन ते साडेतीन टॉर्चचं काम ठेवलेलंच नाही. त्या वेळात उभ्याने करायची कामं: मोजणी, लेबलं, बॉक्स भरणं, ट्रे लावणं. नजरेचं काम साडेआठ ते साडेबारा, आणि पुन्हा साडेतीननंतर. एकूण काम तेवढंच. मॅनेजर साहेबांना हे पटायला फार वेळ लागला नाही, कारण परत आलेल्या एका लॉटचा खर्च त्यांच्यासमोर होता.

डुलकीला मात्र त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. "कामावर झोपायची परवानगी दिली असं बाहेर गेलं तर?" मी त्यांना वैमानिकांचा दाखला दिला. नासाच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या विमानातल्या वैमानिकांना आळीपाळीने चाळीस मिनिटांची सवड दिली होती, ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि उरलेल्या उड्डाणात न झोपलेल्यांपेक्षा सावध राहिले. शेवटी तोडगा निघाला तो ताईंकडूनच: पावणेतीनच्या चहाची दहा मिनिटं त्यांना नकोच होती, ती त्यांनी दिली, कंपनीने दहा घातली. पावणेदोन ते दोन-पाच, प्रथमोपचाराच्या खोलीत, दार ओढून.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. गजर वाजला नाही, कुणी उठवलं नाही, ताई चाळीस मिनिटं झोपल्या आणि उठल्या त्या चेहरा सुजल्यासारख्या. चार वाजेपर्यंत धड बोलता येईना. झोप खोल गेली आणि मधेच तोडली की असं होतं. ॲडलेडमधल्या एका अभ्यासात पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या डुलक्या तपासल्या, त्यात दहा मिनिटांची सर्वांत सरस ठरली होती: उठल्याउठल्या ताजेपण आणि ते टिकलंही. तेव्हापासून पंधरा मिनिटांचा गजर, फोन हाताच्या अंतरावर नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आडवं न होता खुर्चीत, टेबलावर हात आणि हातावर डोकं. झोप लागलीच पाहिजे असं नाही, डोळे मिटून पडलं तरी चालतं.

यात आपल्या घरातलं जुनं शहाणपण मला दिसतं. शतपावली आणि वामकुक्षी. सुश्रुतसंहितेत जेवणानंतर येणाऱ्या जडपणाला 'अन्नक्लम' असा शब्दच आहे, आणि क्रम सांगितला आहे: तो जाईपर्यंत स्वस्थ बसा, मग शंभर पावलं चाला, मग डाव्या कुशीवर टेका. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात यावर सगळे हसतात, पण ती दुकानं चालवणाऱ्या माणसांनी आपल्या शरीराशी भांडण घेतलं नव्हतं. ताई जेवल्यावर आता शेडला सावलीच्या बाजूने दहा मिनिटं फेऱ्या घालतात. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही.

बोलणी झालीच. "आम्हालाही झोपायला खोली द्या," असं दोघी-तिघी म्हणाल्या, पहिल्यांदा टोमणा म्हणून. ताईंना ते इतकं लागलं की चार दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत. मी त्या दोघी-तिघींनाच बोलावून घेतलं आणि त्यांना झोप किती मिळते ते विचारलं. त्यानंतर टोमणे थांबले.

आजची स्थिती

सप्टेंबरअखेर हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन २९. एपवर्थचे गुण ७. जूनपासून डिसेंबरपर्यंत ताईंच्या शिक्क्याच्या बॉक्सवर बरची एक तक्रार आली, ती सकाळी दहाच्या बॉक्सची होती. झोप, रक्त, उजेड, पाणी, कामाची अदलाबदल, हे सगळं थोड्या-थोड्या अंतराने सुरू झालं. त्यातल्या कशाने किती काम केलं हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण क्रम विचाराल तर पहिला फरक झोपेनंतर दोन आठवड्यांत जाणवला, रक्त सुधारेपर्यंत पावसाळा निम्मा सरला होता.

जे झालं नाही तेही लिहिते. दुपारची मिश्री सुटली, पहाटेची नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८०० ११ २३५६ हा क्रमांक ताईंनी फोनमध्ये ठेवला आहे. एकदा लावला, नंतर लावला नाही. रिलीव्हर फक्त एका टेबलाला आहे. कंत्राटी मुलींच्या टेबलावर अजूनही २८० लक्स आहेत, त्याचं पत्र मी नोव्हेंबरमध्ये दिलं आणि आठवणीचं पत्र या आठवड्यात दिलं. आणि तक्रारीच्या कागदावर पाचव्या 'का'समोर 'निरीक्षकाचं दुर्लक्ष' अजून तसंच आहे. तो कागद कस्टमरने मंजूर केला आहे, आता बदलता येत नाही, असं मला सांगण्यात आलं.

गोळ्या आणखी तीन महिने चालू राहतील. पुढचं रक्त मार्चमध्ये. त्याच महिन्यात ताईंच्या मुलाची दहावीची परीक्षा आहे, आणि त्यातले दोन आठवडे यजमानांची सेकंड आहे. रात्री मुलासोबत कुणी बसायचं यावर घरात बोलणं झालं. सेकंडच्या आठवड्यांत वडील घरी आल्यावर बसतील, ताई अकराला दिवा मालवतील. त्यांनी मला हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "पण पेपरच्या आदल्या रात्री मी बसणार हं मॅडम." मी कॅलेंडरवर पेपरच्या तारखांना खुणा करून घेतल्या आहेत. पेपरच्या दिवशी टॉर्च रिलीव्हरकडे असेल, असं साहेबांशी बोलून ठेवलं आहे.